भुरी नव्हे

पिंपळगावच्या प्रीकूलिंगमध्ये, थॉमसनच्या पेट्यांमागे
सहा आठवडे मी एक हिवाळा लपवून ठेवला होता.
डब्याएवढा. झाकणावर लिहिलेलं: उघडू नये, खाण्याचं नाही.

बी दिलं रॉटरडॅमच्या तपासनीस बाईनं.
ती आमच्या मण्यांची गोडी मोजायला येते
आणि जाताना दरवेळी छत्री विसरते.
मोहरीहून बारीक बी. चिठ्ठी नाही, नुसतं चित्र:
पिवळा डोळा, पांढरं कडं, मग जांभळं.

ऑरिक्युला. जिभेवर बसेना.
म्हणजे छोटा कान, असं नाशिकला बारावीला असलेली भाची म्हणाली,
हृदयालाही असतात तसे, कर्णिका.
मग कर्णिकाच.

निफाडकडून कडाका आला त्या रात्री
मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या,
आणि मी कुंड्या अंगणात मांडलेल्या,
खा गं, खा, म्हणत.
सासूबाईंनी दार लोटून घेतलं.

मे महिन्यात कुंडीत कुंडी, मध्ये ओली वाळू,
पंपघराच्या उत्तरेची भिंत. पाणी फक्त कडेनं.
अकरातल्या चार राहिल्या.

पावसाळा सरला, पानांवर पांढरं आलं.
कारभारीभाऊजींची नजर तीस वर्षं बागेत मुरलेली.
मी शिफ्टवरून आले तर पाठीवर गंधकाचा पंप,
एका पानावर अंगठा फिरवून झालेला.
"एवढे लाड, आणि भुरी धरली?"

मी ओरडलेच. पहिल्यांदा, त्यांच्यावर.
मग हळू म्हणाले, घड आपण देठानं का धरतो?
मण्यावरची लव पुसू नये म्हणून ना?
ही तिची लव आहे. उन्हासाठी तीच करते.

ते काही बोलले नाहीत. अंगठा विजारीला पुसला,
पंप उतरवला.
आठवड्यानं बघते तर भिंतीशी चार बांबू,
वर बागेच्या आच्छादनाचा उरलेला तुकडा,
अवकाळी आलाच तर.

फुलाचं विचारू नका.
सकाळी कॉक फिरवायला जाताना ते वाकतात,
हात पाठीमागे बांधून:
"काय म्हणतोय कान?"

त्या पानावर त्यांचा अंगठा अजून आहे,
हिरवा, सातबाऱ्यावर उठवल्यासारखा.
तिथं लव परत येत नाही.
आतून एक नवं पान येतंय, गुंडाळलेलं, पिठात माखलेलं.
मीही त्याच्यावर श्वास सोडत नाही.