मोहल्ला फाटा, विनंती थांबा

बावीस वर्षं हे घर मी गाडीच्या खिडकीतून पाहिलं.
सात-वीसची गुहागर–वेळणेश्वर,
वळणावर ड्रायव्हर गिअर बदलायचा
तेवढ्यापुरतं:
निळं दार, पागोळीखाली कोंबड्यांचं खुराडं,
चिऱ्याची पायरी, पायरीवर एक चप्पल.
नेहमी एकच. दुसरी कुठे असायची कुणास ठाऊक.

आज पहिल्यांदा इथे उतरले.
कंडक्टर पोरगी नवी. माझ्याकडेच सुट्टे मागितले तिने.

दाराचे पापुद्रे नखाला निळे लागतात.
किल्ली शेजारच्या हमीदाकडे, मालक शारजाला.
अश्फाक फोनवर म्हणाला, आधी बघून घ्या,
मग आकडा बोलू.
म्हणजे आकडा तयार आहे.

आत अंधार असेल असं धरून चालले होते.
कौलं इतकी सरकलीत, की कोब्यावर
उन्हाची चिल्लर सांडली आहे.
सवयीने मोजायला लागले,
चौतीसपर्यंत गेले, ढग आला, हिशेब चुकला.

धाकू मेस्त शिडीवर चढला.
स्क्रूड्रायव्हरची मूठ वाशावर आपटली: भद्.
"ह्यो ग्येला."
पुढच्यावर: भद्.
"ह्यो बी ग्येला. पर आढं ऐनाचं हाय बाय,
त्ये तुमच्या नि माज्या मागं ऱ्हाईल."
आणि खात्री पटावी म्हणून आढ्यावर दोनदा,
ठण् ठण्.
माझे पाय आपोआप फाकले,
हात वर दांडी शोधू लागला.
एक घंटी थांब, दोन घंट्या चल.
ह्या शरीराला अजून कुणी
निवृत्तीचा कागद दिलेला नाही.

भाऊ म्हणतो चिपळूणला फ्लॅट घे,
दुसरा मजला, पुराचं पाणी तिथवर चढत नाही,
खाली दवाखाना, लिफ्ट.
बरोबर आहे त्याचं.
त्याचं नेहमी बरोबर असतं, म्हणून तर
त्याच्याकडे दोन दिवसांवर राहवत नाही.

हमीदाने विहिरीचं पाणी तांब्यातून दिलं.
गोड होतं. तीच म्हणाली,
"आता गोड आहे. मे महिन्यात मचूळ होतं,
डाळ शिजत नाही. खोटं कशाला बोलू,
रोज तोंड बघायचंय एकमेकींचं."
म्हणजे तिने घर मला विकूनसुद्धा टाकलं.

अश्फाकची आई, खैरुनबी, इथेच उभी राहायची,
अंड्यांची टोपली कमरेवर, मोकळा हात वर.
तिकिटाच्या पाठीवर मी लिहून दिलं होतं, तीन रु. बाकी.
उतरताना आठवण केली तर म्हणाली,
"ऱ्हाऊ दे, उद्याच्याला."
उद्याला माझी ड्युटी दापोलीवर लागली.
मग संप. संप मिटला
तेव्हा थांब्यावर फक्त मैलाचा दगड उभा होता.

परतीच्या पाच-चाळीससाठी फाट्यावर आले.
आज आलेल्या तिकिटाची पाठ पुरली नाही,
म्हणून लाईटबिलावर लिहिलं:
वाशे सव्वीस. रीपा. कौलं दोन हजार, वर फुटीची शंभर.
वाळवीचं औषध.
सातबारावर आठ नावं, त्यांतली तीन मयत,
वारस कुठे कुठे. तलाठ्याच्या खेपा किती ते देव जाणे.
मे महिन्यात टँकर.
गुडघे (हे खोडलं).
देणे रु. ३.
बेरीज केली नाही. फंडाची रक्कम पाठ आहे मला,
तिच्यात हे मावत नाही, तेही पाठ आहे.

गाडी आली.
वळणावर गिअर बदलला, आवाजावरून कळलं.
विनंती थांबा आहे हा, हात केला तरच थांबते.
हातात लाईटबिल होतं, पेन होतं.
खिडकीतून त्या पोरीने माझ्याकडे पाहिलं, जराशी थांबली,
आणि घंटी दिली.
दोन.

पुढची साडेसातला.
तेवढ्यात खिडक्यांची मापं होतील.