नाणी चालत नाहीत

गेल्या आठवड्यात मी अंधांच्या कुत्र्यांसाठी उभी होते,
या आठवड्यात विहिरींसाठी.
जॅकेट तेच. पाठीवरचं नाव तेवढं बदललं,
आणि पाठ माझीच असल्यामुळे
ते मला दिसत नाही.

माउंट गॅम्बियर. सुपरमार्केटचं सरकतं दार
मी जरा हलले की उघडतं,
आत कुणी नसतं, बाहेर कुणी नसतं,
पुन्हा मिटतं, ओशाळल्यासारखं.

"बूट मस्त आहेत तुमचे!" असं म्हणायचं.
बूट बघायचे नाहीत, वेळ जातो.
माणूस खाली बघतो, स्वतःच्याच पायांकडे,
तेवढी फट पुरे, असं ब्रोडी सांगतो,
आमच्या टोळीचा नाईक, वय तेवीस.
पहिलं 'नाही' घाईचं,
दुसरं सवयीचं,
तिसरं तेवढं खरं.
तिसऱ्याला हसून सोडून द्यायचं:
दिवस छान जावो.

फियाक्रा गॉलवेचा. त्याचे उच्चार ऐकायला लोक थांबतात.
मला विचारतात, ही विहीर तुमच्याकडची का?
आमच्याकडे नळ होता, दिवसाआड,
पण पत्रकावरच्या मुलीची वेणी माझ्या वेणीसारखीच,
लोक तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे,
आणि खाते क्रमांक सांगू लागतात.
वापर की हे, ब्रोडी म्हणाला.
दोनदा वापरलं.
त्या रात्री मोटेलात इस्त्रीच्या टेबलावर
नूडल्सचे चार कप ठेवले होते,
लीसबेत कुणाशी तरी एस्टोनियन भाषेत भांडत होती फोनवर,
आणि मी वेणी सोडून केस वर बांधले.

मर्ल अकराला येते.
चाकांची पिशवी, तीत एक पाव, मांजराचे तीन डबे.
त्र्याऐंशी वर्षांची.
पंचाहत्तरीपुढच्यांचं नाव नोंदवायचं नाही, नियमच आहे,
म्हातारी माणसं म्हणे 'नाही' म्हणायला विसरतात.
मर्ल विसरलेली नाही. तिला म्हणायचंच नाही.
लाकडाच्या गिरणीत तीस वर्षं कॅन्टीन चालवलं तिनं,
आयव्हरनं त्याच गिरणीला दोन बोटं दिली,
"आणि त्यांनी पावतीही दिली नाही," म्हणते.

मंगळवारी तिनं मूठ उघडली.
दोन डॉलरचं नाणं इथं
एका डॉलरपेक्षा लहान असतं,
हे कळायला मला महिना लागला होता.
घे, म्हणाली.
नाही, मी म्हटलं, नाणी चालत नाहीत.
मग नोट देते.
नाही, फक्त बँकेतून, दरमहा.
मग बँकेतून.
नाही, मर्ल, तुमचं वय.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं,
मूठ मिटली,
"दिवस छान जावो," म्हणाली,
आणि पिशवीची चाकं फरशीच्या फटींवरून
टक टक करत गेली.

शुक्रवारपर्यंत माझं खातं कोरं.
कोऱ्या दिवसाला आम्ही डोनट म्हणतो,
ज्याचा डोनट, त्यानं सगळ्यांना डोनट आणायचे.
दोन वाजता बघते तर बाकावरून मर्ल उठलीय
आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवतेय:
"बूट छान आहेत तुझे, डॅरिल. इकडे ये.
या पोरीला विहीर हवीय."
डॅरिल म्हणाला, घरी जा, मर्ल.
ती म्हणाली, हे एक झालं.

डॅरिलनं सही केली नाही.
तिसऱ्या नकारानंतरही ती त्याच्यासोबत
गाडीपर्यंत बोलत गेली, ब्रोडीला पाठवायला हवं हिच्या हाताखाली.
जाता जाता मला म्हणाली,
आमचं तळं थंडीभर राखेच्या रंगाचं असतं,
नोव्हेंबरात एकदम निळं होतं,
थांब की तोवर.
ऑगस्ट चालू होता.

सोमवारी हॉर्शॅम. पाठीवर आता देवमासे,
समुद्र इथून तीन तास.
पहिला माणूस आला तेव्हा
म्हटलं, आज खरंच बघू,
आणि बघितलं खाली.
तो अनवाणी होता.
मला काही सुचेना.
दार उघडलं, मिटलं.
तोही थांबला,
मी काय म्हणते ते ऐकायला.