गुडघे

फलकावर त्याचं नाव चुकलंय.
एक अक्षर गाळलंय, सालही पुढचं टाकलंय.
मी कार्यालयात जाऊन सांगितलं, तिथल्या पोरानं लिहून घेतलं.
त्यालाही आता तीन हिवाळे झाले.

हाल्ग्रिम त्वाइतेन.
खाणीतल्यांच्या जिभेला ते वळेना, ते म्हणत फळीवाला.
नॉर्वेहून आला तो एक पेटी घेऊन:
रंधा, पटाशी, डांबराचा डबा,
आणि एक कोरा काळा कोट, जो कुणी अंगावर पाहिला नाही.
आल्या आल्या बर्चचं झाड पाडून
नऊ नऊ फुटांच्या दोन फळ्या तासल्या,
त्यांची टोकं आमच्या धुलाईघराच्या कढईवर
वाफवून वाकवली.
आई म्हणाली, डोकं फिरलेलं असेल, हात मात्र शहाणे आहेत.

त्या वर्षी खिंड नोव्हेंबरातच बुजली.
खेचरं आधीच खाली नेलेली.
झाकण लावलेल्या बरणीसारखं गाव
एप्रिलची वाट बघत बसलं.
एका पहाटे तो निघाला,
हातात एकच लांब काठी, नावाड्यासारखी.
गुत्त्यात पैजा लागल्या,
लांडग्यांवर कमी, हिमलोटावर जास्त.

पाचव्या दिवशी उतारावर एक रेघ दिसली.
रेघेच्या टोकाला तो.
पाठीवर टपालाची थैली, आणि थैलीवर
घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी.

आमच्या खिडकीला दोन वर्षं गोणपाट होतं.
त्याला कुणी काही बोललं नव्हतं.
तेवीस मैल काच आणली त्यानं.
दोनदा पडलो म्हणाला, दोन्ही वेळा तोंडावर,
पाठीवर पडायची मुभा नव्हती.
आईनं त्याचे सगळे कपडे उकळून दिले
आणि पैसे घेतले नाहीत.
तिला आभार मानायची दुसरी रीत येत नव्हती.

मला शिकवलं तेव्हा मी सात वर्षांची.
इंग्रजी त्याच्याकडे मूठभर,
त्यातला एक शब्द त्यानं मला दिला.
उतार आला: गुडघे, व्हेस्ला!
झाड आलं: गुडघे!
बापाला खाणीनं गिळलं त्या मार्चमध्ये
दफनाहून परतताना मी काठीसारखी ताठ चालत होते,
कुणाकडे न बघता.
तेव्हाही मागून, अगदी हळू,
गुडघे.

फलकावर ‘पहिला’ असंही लिहिलंय.
याला तो हसला असता.
खिंडीची वाट त्याला एका सिनिक्स्ट म्हातारीनं दाखवली होती,
पायात जाळीच्या पादुका, पाठीवर नातू.
तिचं नाव त्याला येत होतं. मी विचारून ठेवलं नाही.
आणि ज्या शिखरावर त्यानं तंबाखूची डबी ठेवली
त्याला मोजणीवाल्यांनी कुण्या लॉर्डचं नाव दिलं,
जो बापडा कधी बोटीतही चढला नव्हता.

हिमलोटानं त्याला हात लावला नाही.
तो जुलैत गेला, तापानं, डासांच्या दिवसांत.
फळ्या शवपेटीत मावेनात.
कुणीतरी म्हणालं, कापूया.
आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की विषय मिटला.
मग पेटी खेचरावरून गेली, चिखलातून,
आत तो, काळ्या कोटात.
एक फळी हॉटेलवाल्यानं भिंतीवर टांगली, हॉटेलबरोबर जळाली.
दुसरीवर आईनं परसात घेवडा चढवला.
चांगला यायचा.

आता डोंगरावर तारेला टांगलेल्या खुर्च्या फिरतात.
पोरं बसून वर जातात, मिनिटात खाली येतात,
लाल, पिवळी, गोळ्यांच्या पुड्यासारखी.
वाईट वाटत नाही मला. त्यालाही वाटलं नसतं,
खुर्चीचं यंत्र मात्र त्यानं उघडून पाहिलं असतं.

माझे गुडघे गेले. डॉक्टर म्हणतो, जिने विसरा.
म्हणून मी इथे बसते, त्याच्या काचेशी.
जुनी काच आहे, मधोमध एक बुडबुडा.
उतरणारं प्रत्येक पोर तिथे आलं की
क्षणभर वाकतं, वितळतं, पुन्हा सरळ होतं.
एखादं फारच ताठ येताना दिसलं
तर मी बोटानं काच वाजवते.
त्याला काय ऐकू जाणार.