रकाना चौथा

सोसायटीचं रजिस्टर एकोणीस वर्षं माझ्याकडे.
रकाने चार: रोहू, कटला, मिरगल, इतर.
इतर म्हणजे काय, कोणी विचारलं नाही.
सुरुवातीला तिथे आकडे आहेत,
मग नुसत्या आडव्या रेघा, माझ्याच हातच्या.

पाळीवर कहूची झाडं, आणि काठानं
माणसाच्या वर गेलेली बेशरम.
फुलं जांभळी. पाहुण्यांना छान वाटायची.

दुर्पता वलथरे मीटिंगमध्ये उभी झाली:
"दरसाल कलकत्त्याचं बीज कायले आणता?
माह्या सासूच्या टोपलीत पंधरा जातीचे मासे राहत.
घर मोडलं त गेले. घर बांधा आधी."
अध्यक्ष हसले. लिहून ठेवतो, मी म्हणालो.
लिहिलं नाही.

वैशाखात पाणी गुडघ्याखाली आलं
तशा बाया उतरल्या, सब्बल घेऊन,
पायांत पोरांचे शाळेचे जुने बूट.
बेशरम मुळासकट. एक कांडी राहिली
तर पुन्हा रान.
मग तळ नांगरला. ट्रॅक्टर इस्तारीचा,
डिझेल बचत गटाचं.
तलावात नांगर पाहून एसटी थांबली होती.

आषाढात नऊ मैलांवरच्या तलावातून
ओल्या लुगड्यात बांधून आलं
चिला, गाद, परसूड, देवधान.
धानासारखी रोवणी केली त्यांनी,
वाकून, मागे सरत सरत.
ही मजुरी कोणत्या खात्यात टाकायची
मला कळेना.

पहिल्या वर्षी काहीच नाही.
अर्धं देवधान शेळ्यांनी खाल्लं.

दुसऱ्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर,
दुर्पता ऑफिसात आली, तांब्यावर पदर धरून.
आत बोटभर काळं काहीतरी, मिशांचं, फिरत होतं.
"ओळख."
मी वाकलो, हात पुढे केला.
"हात नको घालू, काटा मारते."
तेव्हा अंगठ्याला आठवलं, मला नाही:
सात-आठ वर्षांचा मी, तीन दिवस ताप,
आणि आई हळद लावताना शिव्या देत होती
माशाला नाही, मला.
धीवराचा पोरगा, नाव मात्र येईना.
तिनं सांगितलं. दोनदा.

मी रजिस्टर उघडलं. वजन किती लिहू?
"वजन कायले? सोडाची आहे परत."

तिच्या मागं पाळीपर्यंत गेलो, टोपण उघडा पेन हातात.

चौथ्या रकान्यात त्या दिवशीही रेघच आहे.
बाजूला समासात, पेन्सिलनं,
शिंगूर.
ऱ्हस्व की दीर्घ, खात्री नाही.