एक, तीन, चार, दोन

रात्री साडेदहाला पोन्सेत पुन्हा वीज गेली.
टॉर्चच्या टोकावरचा निळा ठिपका विझला
अर्ध्या जोडलेल्या मॅनिफोल्डवर,
आणि अंधारात आधी कोकी बेडूक बोलले,
मग बऱ्याच वेळाने बाप.

"एका म्यानात दोन तलवारी," तो म्हणाला.
"वीजसुद्धा कंटाळली."

बापाचं नाव एलिउत. गेल्या ऑगस्टपासून
शब्द त्याच्याकडे उशिरा पोचतात.
डोळ्यांत आधी दिसतात, ओठांवर नंतर.
मधलं अंतर आम्ही घरातले
न बोलता मोजतो.

सालिनासच्या सरळ पट्टीवर त्याची पिवळी स्टार्लेट धावायची.
टर्बो केवढा? कलिंगडाएवढा, असं आई सांगते.
मी पाहिलाय, पपईएवढा होता.
एकच घसा. चारी सिलिंडरांचा धूर एकाच बोळातून.
हिरवा दिवा लागला की पाय तळाशी,
आणि मग काही नाही.
एक.
दोन.
शेजारची गाडी निघूनही जायची.
तिसऱ्या आकड्याला मात्र मागून कुणी लाथ घालावी
तशी स्टार्लेट उठायची
आणि पट्टी संपेस्तोवर कुणाचं ऐकायची नाही.
"त्या 'काही नाही'साठीच तर जायचं," तो म्हणायचा,
"तिथे माणसाला कुणी हाक मारत नाही."

मी वांदीसाठी करतेय ते वेगळं.
वांदी पट्टीवर जात नाही. त्याला आधुंतासचा घाट हवा,
जिथे एक वळण सुटतं न सुटतं तोच दुसरं उभं,
आणि कॉफीच्या मळ्यातून कुत्रं कधीही आडवं येतं.
तिथे दोन आकडे मोजायला जागा नाही.

म्हणून दोन घसे.
एक, तीन, चार, दोन, हा ठिणग्यांचा क्रम.
पहिला सिलिंडर आपलं दार ओढून घेत असतो
तेवढ्यात तिसऱ्याचा धूर बोळात घुसून
त्याच्या तोंडावर आदळतो.
वाईट कुणीच नाही. बोळ एक आहे.
तर पहिल्या-चौथ्याला एक वाट, दुसऱ्या-तिसऱ्याला दुसरी,
मध्ये भिंत, थेट पात्यांपर्यंत.
मग ज्याचा धक्का त्याचा, ताजा पोचतो,
आणि चाक लवकर जागं होतं.

एवढंच. बाकी सगळा खर्च:
नळ्यांचा गुंता, वेस्टगेट दोन,
माझी मान आखडते, वांदीचे पैसे संपतात,
आणि वर, आठ हजार फेऱ्यांच्या पलीकडे,
बापाचा तो रुंद घसा अजूनही जास्त मोकळा.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

शेजारच्या मिग्दालियाने जनरेटर सुरू केला,
कुंपणावरून एक वायर आमच्याकडे टाकली.
उजेड आला, पिवळट, थरथरता.
वेल्डिंगला पुरेना. कानस चालवण्यापुरता होता.
बापाने डाव्या हातात दिवा धरला.

"भिंत किती जाड ठेवू?" मी विचारलं.

उत्तर नाही.
मी घासत राहिले. अडीच मिलिमीटर. बरं दिसलं.
पुढची नळी उचलली, कोन बघितला,
मळ्यातल्या त्या कुत्र्याला मनातल्या मनात
रस्त्याच्या कडेला बसवलं.

"साडेतीन," बाप म्हणाला.
"पातळ असली की तापून तडकते.
लोकांच्या चार बदलल्यात मी."

चार. आणि म्यान-तलवारीचं मला इतकी वर्षं.

कानशीने गेलेलं कानशीने परत येत नाही.
पट्टी नव्याने कापायची ठरली, वीज आल्यावर.
तोवर बसून राहिलो तिथेच,
दिवा त्याच्या हातात,
पुढचा प्रश्न माझ्या तोंडात,
अजून विचारलेला नाही.