फरक स्पष्ट करा, गुण चार

फळ्यावर मी उभी रेघ ओढते.
डावीकडे आदिकेंद्रकी, उजवीकडे दृश्यकेंद्रकी.
खडू दमट. रेघ मधेच तुटते.
अकरावीचे मागचे तीन बाक रिकामे आहेत;
सर्जेकोटला काल रात्री पेडवे लागलेत.

यज्ञेश मालंडकर अकराला पोचतो,
केसांत मीठ, नखांत खवलं.
मी रागावत नाही. घाटावरची असले तरी
दोन वर्षांत एवढं कळलंय.
गालाच्या आतून काडी फिरव म्हणते,
काचेवर घास, वर निळ्या रंगाचा एक थेंब.

"मॅडम, ह्या काय?"
ती मोठी, पसरट, मधे निळा ठिपका असलेली,
ती तुझी पेशी.
आणि तिच्यावर चिकटलेले ते बारीक मणी, दांडके,
तेही तुझ्याच तोंडातले,
पण तुझे नव्हेत.

तो डोळा काढतच नाही. मागे रांग खोळंबते.
"म्हंजे ही पात, आनि ह्यो ट्रॉलर."

तक्त्यात हे नव्हतं.
पातीत सगळं उघड्यावर:
जाळं, वल्हं, फडक्यातली भाकरी, पाणी उपसायची करटी,
तळाशी दोरीचं एकच वेटोळं,
टोकाला टोक जोडलेलं.
तेच तिचं सगळं शहाणपण. त्याला ना खोली, ना कडी.
दोरी वाचता वाचताच हात कामाला लागतात.

ट्रॉलरला केबिन.
आत मैलभर दोरी, रिळांवर नीट गुंडाळलेली,
ती बाहेर येत नाही;
भिंतीतल्या भोकांतून चिठ्ठी तेवढी येते.
खाली बर्फाचे कप्पे, माल बांधायची जागा,
कचऱ्याची वेगळी.

आणि इंजिन?

इंजिन, मी म्हणते, एके काळी पातच होतं.
मोठ्याने गिळलं, पण पचवलं नाही,
की तेच आसऱ्याला आलं, कोण सांगणार?
अजून त्याच्या अंगावर दोन कातडी आहेत,
आणि आत, जपून ठेवलेलं,
त्याचं स्वतःचं छोटं वेटोळं.

वर्गात पंख्याचा आवाज.
यज्ञेश काचेकडे बघतच बोलतो,
"माझो बापूस पण तसोच.
पात इकलान. आता रत्नागिरीच्या ट्रॉलरार
इंजिनाकडे आसा.
गरी मात्र सोताची ठेवता, खिशात."

कोणी हसत नाही.
मला रायबोझोमचं सांगायचं होतं,
की ते दोन्हींत असतात, आकार तेवढा वेगळा,
की इंजिनातले अजून
पातीतल्यांच्याच वळणाचे.
घंटा होते.
डावा रकाना अर्धा, उजवा अर्धा.
चौथा मुद्दा त्याने कोराच सोडलाय.

स्लाइड धुवायची राहते.
नळाला पाणी चारनंतर.