शेऱ्याचा रकाना

सातपूरला, आमच्या प्रेस शॉपमध्ये
एक लांबडं रजिस्टर होतं, लाल कापडी पुठ्ठ्याचं,
कडेला ग्रीसचे अंगठे उमटलेलं.
पाळी सुटताना सुकदेव गांगुर्डे त्यात लिहायचे
नग किती, बाद किती, बंद किती मिनिटं,
आणि शेवटी, सगळ्यात अरुंद,
शेरा.

रकाना दोन बोटांचा. अक्षरं मग समासात शिरायची,
शिडीवरून उतरावं तशी खाली यायची:

तीन नंबर उजवीकडे रुसते. हळू घ्या.

दुतोंड्याच्या छातीला पाणी. पंचवटीवाल्यांनी
निघू नये. खाडा धरणार नाही.

बोरस्ते गप्प आहे. एकटं मशीन देऊ नका.

ते रजिस्टर मी बंद केलं.
मीच, सात महिने खपून:
टॅब, लॉगिन, हिरवा-पिवळा-लाल.
कॅन्टीनमध्ये पडदा लावून समजावलंसुद्धा
की बदल आपला मित्र आहे.
मागून कुणीतरी म्हणालं,
मग त्यालाही लावा की रात्रपाळी.
हसले सगळे. मीही.
गांगुर्डे चष्मा पुसत स्क्रीनपाशी आले,
बोटानं यादी खाली सरकवली,
वर सरकवली.
'ताई, शेरा कुठंय?'

'इतर' आहे ना, मी म्हणाले. चाळीस अक्षरं.

खोटं कशाला बोलू, टॅबनं पुष्कळ भलं केलं.
ओव्हरटाइमचे तास आता कुणी खोडत नाही.
रजेसाठी केबिनबाहेर
हात पुसत उभं राहावं लागत नाही.
खैरनारबाईंना पहिल्यांदाच कळलं
की त्यांच्या लाइनचे नग सगळ्यांत जास्त,
तो आकडा छापून त्या पगारवाढ मागायला गेल्या
आणि घेऊन आल्या.

पण मार्चच्या आढाव्यात पुण्याहून आवाज आला:
'इतर' अठरा टक्के. हे शिस्तीत बसत नाही.
पाचवर आणा, नाहीतर पर्यायच काढून टाका.

म्हणून बसले ते अठरा टक्के वाचत.
तेव्हा उमगलं, मशीन काना, मात्रा, वेलांटी
सगळं वेगवेगळं मोजतं.
मराठीत चाळीस म्हणजे पंचवीसच.

३ नं. उजवीकडे रुसते पॅकिंग घातलं आहे हळू

बोरस्ते आज जेवला दोन पोळ्या बरं वाटलं मल

नवीन पोरगा बाथरूममध्ये रडला कुणी विचारू

विचारू काय?
विचारू या, की विचारू नका?
पुढचं कुठंच साठवलेलं नव्हतं.

जुनी रजिस्टरं भंगाराच्या खोलीत होती,
सुतळीनं बांधलेली, उंदरांनी चाखलेली.
माझ्या पहिल्या दिवसाचं पान काढलं,
का काढलं माहीत नाही.
नग, बाद, बंद. शेरा:
नवीन ट्रेनी मुलगी. बूट चावतात तिला,
सांगत नाही. स्टूल द्यावं.

मला ते स्टूल आठवलं.
निळं, एक पाय किंचित तोकडा.
इतकी वर्षं वाटायचं,
कंपनी सगळ्यांनाच देते.

त्या रात्री चाळीसचे चारशे केले.
बदलांच्या नोंदीत, जिथं कारण लिहायचं असतं,
तिथं लिहिलं: किरकोळ सुधारणा.

एप्रिलमध्ये 'इतर' तेवीस टक्क्यांवर गेलं.
पुण्याहून विचारतील तेव्हा बघू.